दुरुस्तीच्या पैशांची झिलई

मी कॅमेरा बोलतोय, आणि गोड बोलणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. बैठकीच्या खोलीत, भिंतीवरच्या एका फोटोखाली छोट्या फळीवर मला बसवलंय. आलागेला आधी फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि म्हणतो, "वा, काय जुनी चीज आहे!" चीज! पण माझा राग त्यावर नाही. माझा राग वरच्या त्या फोटोवर आहे. तो मीच काढलाय, म्हणून तर जास्त.

माझा जन्म एका कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका चिमट्यानं माझे नखाएवढे स्क्रू बसवत होत्या. त्यातली एक शिंकली, तर मुकादमानं अख्खा ट्रे परत पुसायला लावला. एका शिंकेची एवढी धास्ती! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला मालक जमिनीची मोजणी करणारा. उन्हातान्हात बांधाबांधांवरून मला गळ्यात घालून हिंडला. माणूस कंजूष, चहासुद्धा दुसऱ्याच्या खिशातून प्यायचा. पण वर्षातून एकदा मला साफसफाईला न्यायचाच. "तो थांबला तर माझी रोजी थांबेल," म्हणायचा. तो गेला आणि त्याच्या मुलांनी मला कपाटात ठेवलं. आठवण म्हणून. आठवण म्हणून ठेवणं म्हणजे काय असतं, मला विचारा. ओल, अंधार आणि डांबराच्या गोळ्या. माझ्या भिंगात बुरशीचे धागे पसरले. मागच्या दाराच्या कडेला उजेड अडवणारा स्पंज असतो, त्याचा चिकट काळा चिखल झाला. मग घर बदलताना त्या आठवणीला बिघडलेल्या इस्त्रीसोबत एकाच पिशवीत घालून विकून टाकलं.

जुन्या वस्तूंच्या दुकानात ती आली, तेव्हा मी कपबशांच्या मागे होतो. लग्न होऊन जेमतेम काही महिने झालेली मुलगी. अंगावर लॅबमधला पांढरा कोट तसाच. रक्त-लघवी तपासतात तिथे ती काम करायची. माणूस बाहेरून टुणटुणीत दिसला तरी आत काय चाललंय ते बाटलीतच कळतं, हे रोज बघून बघून तिला वरच्या दिसण्यावर विश्वास ठेवायची सवयच उरली नव्हती. तिनं मला उचललं, भिंगातून ट्यूबलाइटकडे बघितलं, मागचं दार उघडून स्पंजाला बोट लावलं. बोट काळं झालं.

"एकदम चालू आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "आवाज ऐका." आणि त्यानं माझं बटण दाबून दाखवलं. खट्.

"दुरुस्तीला किती लागतील?"

"दुरुस्ती कसली? घरी न्या, रोल घाला, फोटो काढा!"

"म्हणजे लागतील," ती म्हणाली.

मी तिथेच तिचा झालो.

तिला कॅमेरा कशाला हवा होता, तेही सांगतो. तिचे वडील एका बेकरीत लाकडाच्या भट्टीवर पाव भाजायचे. ती लहान असताना शाळेतून थेट भट्टीशी जायची आणि पिठाच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची. आई नव्हतीच, होते ते वडील आणि ती भट्टी. त्या भट्टीचे, वडिलांचे सगळे फोटो तिच्या फोनमध्ये होते, आणि तो फोन लग्नाच्या गडबडीत बादलीत पडून मेला. आता बेकरीच्या मालकानं विजेची भट्टी घ्यायचं ठरवलं होतं. महिनाअखेरीला जुनी विझणार, वडील घरी बसणार. तिला एकच फोटो हवा होता: भट्टी पेटलेली, वडिलांच्या तोंडावर लाल उजेड, हातात पाव काढायचं ते लांब दांड्याचं लाकडी फावडं. आणि तो हातात धरता येईल असा हवा होता. फोनमधला, पुन्हा बादलीत जाणारा नको.

म्हणून तिनं पगारातून साठवलेल्या पैशांचे सरळ दोन भाग केले. एक मला विकत घ्यायला. दुसरा, जवळपास तेवढाच, माझ्या दुरुस्तीला. दुसरा भाग तिनं एका डब्यात घालून ओट्यावरच्या फळीवर ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "हे कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचे."

"चालतोय ना तो? आवाज तर येतोय," नवरा म्हणाला.

"आवाज येतो म्हणजे चालतो असं नाही."

आता या घराची तऱ्हा ऐका. मोरीतल्या नळाला चिंधी बांधलेली. पंखा एका अंगावर डुलायचा. बेल दाबली तर वाजायची नाही, तिरकी दाबली तर वाजायची, पाहुण्यांना जिन्यातूनच ओरडून सांगत, "तिरकी दाबा!" सासूबाईंचं यावर एकच उत्तर: "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" घरात पडदे मात्र नवे, सोफ्याला नवी खोळ. घ्यायला पैसा होता, दाखवायला होता. राखायला काढलेला पैसा मात्र या लोकांना रिकामा बसलेला पैसा वाटायचा.

दुरुस्तीवाल्याकडे गर्दी. "पुढच्या सोमवारी आणा," खर्चाचा आकडा सांगून तो चष्म्यावरून बघत म्हणाला. हाही काही साधुसंत नव्हता. समोर तीन कॅमेरे उघडे पडलेले आणि हा रेडिओवर क्रिकेट ऐकतोय. पण सोमवार ठरला. महिनाअखेरीला वेळ होता. डबा फळीवर होता. सगळं नीट चाललं होतं.

आणि मग माझ्यावर प्रेम करायची लहर आली तिच्या नवऱ्याला.

माणूस वाईट नाही. हाच तर त्रास आहे. वाईट असता तर मी त्याला दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. ती कामावर गेलेली, याला सुट्टी. यानं डबा उघडला, मला उचललं आणि थेट मोटरसायकली चमकवणाऱ्या दुकानात नेलं. "हा जरा चकाचक करून द्या. बायकोला सरप्राइज द्यायचंय."

गरगर फिरणाऱ्या चाकावर मला धरलं. त्यावर पांढरा लेप. ज्या अंगावर एक शिंक पडली म्हणून सगळा ट्रे पुसला होता, त्या अंगात फटीफटीतून तो लेप घुसला. माथ्यावरच्या आकड्यांच्या चकतीखाली, बटणाच्या कडेनं, फोटो काढताना उघडझाप करणाऱ्या आतल्या कापडी पडद्यापर्यंत. मी ओरडलो असतो, पण माझा आवाज म्हणजे एक खट्, आणि तोही आता घशातच अडकला होता. उरलेल्या पैशांत यानं माझ्यासाठी चामड्याचं कव्हर घेतलं. पितळी बक्कल, जाड पट्टा, आत मखमल. जीव गुदमरलेल्याला शेरवानी!

संध्याकाळी ती आली तर मी टेबलावर आरशासारखा लखलखत होतो.

"बघ तरी सूनबाई, कसा नवाकोरा झालाय," सासूबाई म्हणाल्या. "तोंड दिसतं त्यात."

तिनं मला उचललं. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग फळीवरचा डबा खाली घेतला, उघडला, आणि तसाच बंद केला.

आजवर ती सासूबाईंसमोर नवऱ्याला 'अहो' म्हणायची; खोलीचं दार लागलं की 'अरे'. त्या संध्याकाळी दार सताड उघडं होतं.

"तू मला विचारलंस?"

"अगं, सरप्राइज होतं ते. विचारून कसं देणार?"

"मी तुला सांगितलं होतं ते पैसे कशाचे आहेत. मराठीतच सांगितलं होतं."

"पण तेही कॅमेऱ्यावरच खर्च केले ना? मी काय माझ्या बुटांवर उडवले?"

"एवढं काय त्यात," सासूबाई मध्ये पडल्या. "हौसेनं केलंय पोरानं."

"आई, हौस त्याची, पैसे माझे, आणि फोटो बाबांचा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मोरीतला नळ ठिबकताना ऐकू आला नसता.

सोमवारी दुरुस्तीवाल्यानं मला उघडलं आणि रेडिओ बंद केला.

"याला काय कल्हई केलीत का?"

"किती दिवस लागतील?"

"सगळं सुटं करून धुवावं लागेल. पडदा गेला, नवा मागवायचा. बुरशी तर होतीच." मग त्यानं आकडा सांगितला. आधी सांगितला होता त्याच्या दुपटीला लागून.

ती कव्हर घेऊन चामड्याच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, वापरलेलं परत घेत नाही. ती म्हणाली, वापरायला आत चालू कॅमेरा लागतो, तो नाहीये. बक्कलसुद्धा उघडलेलं नाही. शेवटी त्यानं निम्म्या किमतीला परत घेतलं. बाकीचे नवऱ्यानं दिले, खाली मान घालून. पण पैसा भरून निघाला, तरी दिवस कुठून आणायचे? पडदा यायला उशीर झाला. दुरुस्तीवाला रोज "उद्या" म्हणत होता.

तिनं वडिलांना फोन केला. वडिलांनी मालकाच्या हातापाया पडून भट्टी एक दिवस जास्त चालू ठेवली. पाव भाजायचे नव्हते. घरून आणलेल्या मोडक्या स्टुलाची लाकडं घालून नुसतीच पेटती ठेवली. दुसऱ्या दिवशी नव्या यंत्राचा ट्रक दारात येऊन उभा राहिला. मालक म्हणाला, "बस झालं आता, काका." आणि वडिलांनी स्वतःच्या हातानं पाणी मारलं.

मी तिच्या हातात आलो तो त्यानंतरच्या दिवशी. अंगावर अजून झिलई होती, पण आतून मी पुन्हा माणसात आलो होतो. खट् नव्हे, आता माझा जुना मऊ आवाज. ती मला घेऊन धावतच बेकरीत गेली. वडील थंड भट्टीसमोर उभे राहिले. पाव काढायचं फावडं भंगारात गेलं होतं, त्यामुळे हात रिकामे.

"आता कशाला काढतेस, पोरी?" ते म्हणाले.

"उभे राहा, बाबा."

तिनं काढला. भिंग स्वच्छ, पडदा बिनचूक, उजेड खिडकीतून अगदी हवा तसा. माझ्या आयुष्यातला सर्वांत नीट फोटो.

तोच हा भिंतीवरचा. नवऱ्यानं मोठा करून आणला, स्वतः खिळा ठोकला. मोरीतला नळही त्यानं दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावून बदलला, कुणी न सांगता. बेल आता सरळ दाबली तरी वाजते. तिनं त्याला माफ केलं असेल; तिला त्याच्याबरोबर राहायचंय. मला नाही राहायचं. मी नाही केलं.

पाहुणे येतात. परवा नणंदेचे यजमान फोटोसमोर मान तिरकी करून उभे राहिले. "काय सुंदर मूड पकडलाय वहिनी, एकदम शांत!"

"मूड नाही तो," ती चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "भट्टी विझलीय."

ते हसले. त्यांना विनोद वाटला.

तुम्ही तरी ऐका. जुनी वस्तू घ्या, जरूर घ्या. आम्हाला कपबशांच्या मागून कुणीतरी काढायलाच हवं. पण तिच्या दुखण्याचे पैसे घेतानाच बाजूला ठेवा, आणि ठेवलेत की ते दुसऱ्या कुणी प्रेमानं खर्च करायला आला तर त्याचा हात धरा. आणि माझा हा फोटो चांगला आलाय असं कृपा करून कुणी म्हणू नका. तो चांगला आलेला नाही. तो उशिरा आलाय. नीट बघा, म्हाताऱ्याला हात कुठे ठेवायचे ते कळत नाहीये.