पलीकडच्या खोऱ्याची चार पानं

मी चांदीचा ब्रोच बोलतोय. बोलतोय म्हणजे किणकिणतोय, मला दुसरं काही येत नाही. आमच्याकडे मला सोल्ये म्हणतात. माझ्या कड्याला वाटीसारखी खोलगट पानं टांगलेली आहेत आणि ती कधी म्हणून स्वस्थ राहत नाहीत. कुणी शेजारून गेलं, दार उघडलं, टेबलावर कॉफीचा कप ठेवला, की मी हललोच. म्हातारी माणसं म्हणतात, डोंगरात राहणारी न दिसणारी माणसं हलत्या चांदीला भितात, म्हणून तान्ह्या बाळाच्या दुपट्यालासुद्धा आम्हाला टोचतात. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण गप्प बसणं माझ्या जातीत नाही, एवढं नक्की.

माझा जन्म नॉर्वेतल्या एका खोऱ्यात, ओस्लाउगच्या घरामागच्या लहानशा खोलीत झाला. बाहेर खिडकीच्या काचेला बर्फ टेकला होता आणि आत रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या. ओस्लाउग साठीची बाई. तार ओढायची, वळायची, झाळायची, हे काम ती आईकडून शिकली. आठवडाभर दागिने घडवायचे आणि शनिवार-रविवारी गावोगावच्या हस्तकलेच्या जत्रांत टेबल मांडून विकायचे, असा तिचा संसार. हाल्वर हा तिचा नवरा. तो गाडी चालवतो, टेबलं उचलतो आणि गिऱ्हाइकांशी गरजेपेक्षा जास्त बोलतो.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे सणाचा पोशाख दर खोऱ्याचा निराळा, आणि त्यावरची चांदीही निराळी. ओस्लाउगच्या खोऱ्याची पानं गोल. डोंगरापलीकडच्या खोऱ्याची, म्हणजे हाल्वरच्या माहेरची म्हणा ना, खाली जरा टोकदार, लिंबाच्या बीसारखी. एकाची चांदी दुसऱ्याच्या पोशाखावर लावली तर तोंडावर कुणी काही बोलत नाही. मिरवणूक चर्चपाशी पोचायच्या आत बातमी मात्र तिथं पोचलेली असते.

ओस्लाउगकडे दोन्ही खोऱ्यांची गिऱ्हाइकं, म्हणून पानांच्या डब्याही दोन. माझी पानं अडकवताना तिने मला अगदी नाकाशी धरलं होतं.

"दिवा बदलू का?" हाल्वरने दारातून विचारलं.

"दिव्याला काय धाड भरलीय? तू कॉफी बघ, उतू जाईल."

"नाही, नाकाला चटका बसेल म्हणून म्हटलं."

"माझं नाक माझ्यापाशी. जा तू."

तो गेला. तिने पाच गोल पानं लावली, फोन वाजला म्हणून उठली, परत आली आणि दुसऱ्याच डबीत हात घातला. चार पानं टोकदार लागली. मला तेव्हाच कळलं. गोल पान गोल पानावर आपटलं की एक आवाज येतो. टोकदार त्याच्यावर आपटलं की दुसराच येतो, बारीक आणि घाईचा. मी जीव तोडून किणकिणलो. तिला वाटलं, नवी चांदी तोरा मिरवतेय. अंड्यांच्या पुठ्ठ्यातल्या एका खळग्यात तिने मला झोपवलं. जत्रेला आम्ही सगळे असेच जातो, अंड्यांसारखे.

पहिली जत्रा शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये होती. सतरा मे, आमचा राष्ट्रीय सण, तोंडावर आला की त्या दिवशीच्या मिरवणुकीसाठी चांदी घ्यायला झुंबड उडते. सगळीकडे ओल्या लोकरीचा आणि वॉफलचा वास. शेजारच्या टेबलावर स्वेनुंग लाकडी चमचे मांडून बसला होता.

"माझे चमचे निदान गप्प पडून राहतात," तो ओस्लाउगला म्हणाला. "तुझी पोरं सकाळपासून कटकट करतायत."

"तुझ्या चमच्यांना बोलायला काही नाहीच आहे."

जत्रेत माणसं कशी वागतात ते मी तेव्हापासून बघतोय. एखादी बाई मला उचलते, उलटं करते, किंमत वाचते, 'किती सुंदर' म्हणते आणि तापल्या तव्यासारखं खाली ठेवते. नवरे हातावर बायकांचे कोट घेऊन भिंतीकडे बघत उभे असतात. एकीने तर मैत्रिणीला सांगितलं, "हे काय, मी घरीपण करेन." ती गेल्यावर स्वेनुंग म्हणाला, "माझे चमचेही ती घरीच करणार आहे. बिचारीला घरी कामं फार." आणि जवळजवळ प्रत्येकाला एक खोड असते. पानं हलताना बघून हसायचं आणि मग त्यांच्यावर बोट ठेवून ती थांबवायची. हे मला मुळीच सोसत नाही.

दर शनिवारी नवा हॉल, दर रविवारी परत पुठ्ठ्यात. मी वैतागून गेलो होतो. कुणीतरी मला घेऊन जावं असं वाटायचं, आणि कुणी हात लावला की धस्स व्हायचं. माझी चार पानं ओळखणारं कुणीतरी भेटलं तर? माझी फजिती व्हायची ती होईलच, पण ओस्लाउगचं काय?

तसंच झालं. ऑड्नी नावाची आमच्याच खोऱ्यातली बाई आली. तिच्या मुलीची चर्चमध्ये दीक्षा होती. तिने मला गळ्याशी धरून आरशात बघितलं आणि "हाच द्या" म्हणाली. तेवढ्यात मागून बोर्गहिल्ड आली. बोर्गहिल्ड ऐंशीच्या घरातली. गळ्यात भिंग अडकवून लोकांचे पोशाख तपासत फिरते. अशा बायकांना आमच्याकडे पोशाख-पोलीस म्हणतात, आणि ही त्यांची फौजदार.

"ओस्लाउग, हे काय आहे?"

"काय असायचंय? ब्रोच आहे."

"तो मलाही दिसतोय. ही पानं बघ. पाच आपली, चार पलीकडची. धड ना इकडचा, धड ना तिकडचा."

ओस्लाउगने मला उचलून नाकाशी नेलं. तिचे डोळे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितले. ते माझ्या आजूबाजूला शोधत होते, माझ्यावर काही ठरत नव्हते. मग तिने अंगठा फिरवला. गोल, गोल, गोल. आणि अंगठ्याला टोक लागलं. तो जागीच थांबला आणि गार पडला.

मला तेव्हा सगळं कळलं. ही चुकली नव्हती नुसती. हिला दिसत नव्हतं, आणि ते तिने कुणालाही, हाल्वरलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

"मुद्दाम केलंय," ती म्हणाली. "माझं खोरं आणि हाल्वरचं. यंदा लग्नाला चाळीस वर्षं होतील."

"मग कार्डावर तसं लिही. नाहीतर पोरगी लावून जायची आणि दोन्हीकडच्या आज्या तिला फाडून खायच्या."

ऑड्नीने मला हळूच खाली ठेवलं आणि साध्या बटणांची जोडी घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ झाकली गेली खरी, पण आत मी होतो आणि मी हलत होतो.

हाल्वर वॉफल घेऊन परतला तेव्हा त्याच्या कानावर सगळं आलेलं होतं. वॉफलच्या रांगेत आमच्याकडे काहीच लपत नाही. तो कागदी ताटली हातात धरून तसाच उभा राहिला. तपकिरी चीज घसरून त्याच्या बुटावर पडलं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"अगं, खरंच?" तो म्हणाला. "एवढी वर्षं इथं राहतोय, अजून मला 'डोंगरापलीकडचा' म्हणतात. आणि तू माझी पानं तुझ्या कड्याला लावलीस. बोललीपण नाहीस."

ओस्लाउगने तोंड उघडलं. त्याच्याकडे बघितलं. मिटलं.

"वॉफल थंड होतंय तुझं," ती म्हणाली.

त्याने तिथल्या तिथे मला शर्टाच्या गळ्याशी टोचलं. आमच्याकडे पुरुषही गळ्याशी चांदी लावतात. "हा विकायचा नाही," त्याने स्वेनुंगला बजावलं, जसं काही स्वेनुंगच मला घेऊन पळणार होता.

खरं सांगतो, कुणाच्या गळ्याशी जायचं हे माझं स्वप्न होतं, पण त्या गळ्याशी मला एक क्षण चैन पडली नाही. सतरा मेला हाल्वर मिरवणुकीत दिसेल त्याला थांबवून छाती पुढे करायचा. "बघितलंस? बायकोनं केलंय. मुद्दाम." ओस्लाउग बाजूला उभी राहून त्याची बाही ओढायची. आता खरं सांगायचं तर आपले डोळे जातायत हे सांगावं लागणार होतं, आणि त्याला मिळालेली भेट ही भेट नव्हतीच, हेही. एक वेळ तिने डोळ्यांचं सांगितलं असतं. दुसरं तिच्याच्याने होईना.

आणि हाल्वरच्या जिभेने एक नवीनच घोळ केला. अर्ध्या खोऱ्याच्या बायका, आया, आज्या डोंगरापलीकडून आलेल्या निघाल्या. पुढच्या जत्रेत लोक टेबलापाशी येऊन माझ्याकडे बोट दाखवू लागले. आम्हालाही असाच हवा. शेवटी, हॉल रिकामा होत आला असताना, साक्षात बोर्गहिल्ड आली आणि ओस्लाउगच्या कानाशी लागली.

"माझी आई पलीकडची होती. इथं कुणाला माहीत नाही ते. सहा पानं आपली लाव, तीन तिची. आणि याचा बोभाटा नको."

ओस्लाउग हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? चूक करायला डोळे लागले नव्हते. तीच चूक मुद्दाम करायची तर डोळे हवे होते, आणि तपासायला बोर्गहिल्डचं भिंग बसलेलं होतं.

शरद ऋतू आला. कामाच्या दिवशी हाल्वर मला खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवायचा. तिथून मी बघत होतो. ओस्लाउग पानं अंगठ्याने चाचपून बाजूला काढायची. पण इतकी वर्षं विस्तवाशी आणि तारेशी झटून अंगठा राठ झालेला. कधी टोक कळायचं, कधी नाही. एका दुपारी तिचा कोपर लागला आणि दोन्ही डब्या जमिनीवर सांडल्या. ती गुडघ्यांवर बसून तळव्याने फरशी चाचपायला लागली. हाल्वर लाकडं घेऊन आत आला.

"काय शोधतेयस?"

"पानं सांडली."

"ही काय, समोरच तर..." तो बोलायचा थांबला. त्याने लाकडं खाली ठेवली, एक पान उचलून तिच्यासमोर धरलं. "हे कुठल्या खोऱ्याचं?"

"ठेव ते खाली."

"सांग ना."

"गोल आहे. आपलं."

ते टोकदार होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून. मधोमध धूर बसल्यासारखं होतं. कडेचं दिसतं."

त्याने खिळ्याकडे, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे हा..."

"चुकून झाला. डबीच ओळखली नाही मी."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आता जरा गप्प लटकावं. पण दार उघडं होतं आणि वारा येत होता.

"मी साऱ्या मुलखात सांगत सुटलो," हाल्वर म्हणाला. "वेडा ठरवलंस मला. त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"मी बोर्गहिल्डला थाप मारली होती, तुला नाही. तू आलास तेव्हा सांगणारच होते. मग तुझ्या तोंडाकडे बघितलं."

"मग?"

"तेवढं दिसलं मला."

हाल्वर बाहेर निघून गेला. अंधार पडेपर्यंत लाकडं फोडल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं, आता हा मला पुन्हा हात लावत नाही. मला फार वाईट वाटलं, त्या दोघांसाठी आणि माझ्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, स्टूल ओढून बसला आणि ताटलीत पानं ओतून त्यांचे दोन ढीग करायला लागला.

"तू तार वळ. पानं मी लावतो."

"तुझी बोटं म्हणजे बटाटे आहेत."

"असू देत. बटाट्यांना गोल काय, टोकदार काय, ते कळतं." मग त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि गळ्याशी टोचलं. "चुकून तर चुकून. पानं माझ्याच खोऱ्याची आहेत ना?"

ओस्लाउग हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते जपा.

बोर्गहिल्डने आपला ब्रोच भिंगातून पुन्हा पुन्हा बघितला आणि विचारलं, "पानं वाकडी का लागलीयत?" हाल्वर म्हणाला, "मी लावलीयत." तिने भिंग खाली सोडलं आणि तो तिथेच गळ्याशी लावून घेतला.

यंदाच्या वसंतात आम्ही पुन्हा शाळेच्या त्याच हॉलमध्ये आहोत. ओस्लाउगला आता गिऱ्हाइकांचे चेहरे दिसत नाहीत, ती आवाजावरून माणसं ओळखते. तार अजून तीच वळते, बोटांनी. हाल्वर मात्र तोच. पाच मिनिटं टेबलापाशी टिकत नाही. काल तो असाच कुठंतरी नाहीसा झाला. हॉलमध्ये शेकडो ब्रोच किणकिणत होते. ओस्लाउगने मान जराशी कलती केली आणि हाक मारली, "हाल्वर, रांगेत गप्पा मारत बसू नकोस. गिऱ्हाईक आलंय."

स्वेनुंग चकित झाला. "एवढ्या गर्दीत तो कुठंय ते तुला कसं कळलं?"

"माझा एकच ब्रोच बेसूर आहे," ती म्हणाली. "पाच इकडची, चार तिकडची."

म्हणून माझी एक विनंती आहे. आमच्या जत्रेत आलात तर हाल्वर तुम्हाला गाठेलच. छाती पुढे करून माझी गोष्ट सांगेल, हल्ली खरी सांगतो. ऐकून घ्या, मला जवळून बघा. फक्त माझ्या पानांवर बोट ठेवून मला गप्प करू नका. तेवढा वेळ हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक बाई हातातली तार तशीच धरून, मान वळवून, मला शोधत असते.