झोंबत नाय

वास आधी मला आला. घरात आम्ही चार माणसं, पण बाकीच्या तिघांचं म्हणणं एकच, खाडीचा असेल. ओहोटीला चिखलाचा वास येतोच, तू रोह्याकडची, भातशेतीतली, तुला काय कळणार. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी यांच्या लेखी मी कालच आलेली. चिखलाचा वास मला चांगला ठाऊक आहे. हा वास जेवताना ताटापाशी येत होता, आणि तो माझ्या सासऱ्यांच्या पायातून येत होता.

सासऱ्यांचं नाव जगन. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात जन्म गेला त्यांचा. मधुमेह जुना. उन्हाळ्याच्या तोंडाला बाभळीचा काटा चप्पल फोडून तळव्यात, बोटांच्या मुळाशी घुसला, आणि तो तसाच घेऊन हा माणूस दिवसभर बांधावर चालला. कळलंच नाही. संध्याकाळी मला ओटीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा समजलं. पेणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायाची जाणीव गेली आहे, रोज पट्टी बदला, पाय टेकू नका, नाहीतर पाय जाईल. पण ऐन मिठाच्या दिवसांत घरी बसायचं हे सासऱ्यांना पटेना. तेवढ्यात सासूबाईंनी, म्हणजे धोंडुबाईंनी, पुंडलिकला शोधून काढलं.

पुंडलिक पूर्वी रिक्षा चालवायचा. मग अचानक त्याला झाडपाल्याचं ज्ञान झालं. तो माझ्या माहेराकडचा, म्हणून सासूबाईंना वाटलं मी खूश होईन. त्याने जखमेवर काळपट हिरवा लेप थापला, वर पळसाचं पान ठेवलं आणि जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधली.

"आठवडाभर खोलायचं नाय," तो म्हणाला. "खोललं का गुण गेला."

पाल्यावर माझा राग नाही. माझ्या माहेरी कोयता लागला की दगडीपाला चुरगळून लावतात, मीही लावलाय. पण लावतात आणि रोज उघडून बघतात. जखमेला कोंडून घालत नाहीत.

आठवड्याने त्याने पट्टी सोडली तेव्हा वरची कातडी वाळून काळी, टणक झाली होती. आत काय चाललंय ते दिसायला मार्ग नव्हता. मी म्हटलं, पेणला दाखवून येऊ. सासरे हसले.

"डॉक्टर कशाला? मीठ सांगंल."

मिठागरातली ही जुनी रीत. वाफ्यातलं पाणी उन्हाने आटून घट्ट खारं झालेलं असतं. कामकऱ्यांच्या पायाला कापणं, खरचटणं रोजचंच. जखम भरली का हे बघायचं तर पाय त्या पाण्यात घालतात. झोंबलं तर कच्ची, नाही झोंबलं तर भरली, लागा कामाला. धडधाकट माणसाला ही रीत फसवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर ही गर्दी. सासऱ्यांनी लेंगा वर खोचला आणि पाय वाफ्यात घातला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते जरा थांबले.

"झोंबत नाय," म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुंडलिक मोबाईलवर सगळं टिपत होता.

"बाबा," मी बांधावरूनच म्हटलं, "काटा रुतला तवा तरी कुठं दुखलं? तुमच्या पायाला काय समजतच नाय."

"गो नूतन, चांगल्या वक्ताला अपशकुन करू नको," सासूबाई म्हणाल्या.

माझा नवरा हरेशही हसत उभा होता. कंपनीत बूट घातल्याशिवाय हा माणूस पाऊल टाकत नाही, आणि इथे बापाचा फुटका पाय खाऱ्या पाण्यात बघून टाळ्या पिटत होता. मला त्या सगळ्यांची शिसारी आली.

पुंडलिकने दुसरा लेप बांधला, पक्कं व्हायला म्हणे, आणि या वेळी महिनाभराची मुदत घातली. सासरे तोच पाय घेऊन कामावर जाऊ लागले. मग तो वास सुरू झाला. मग माश्या. मी बोलले की सासूबाई उदबत्ती लावायच्या.

एका दुपारी सासरे तापाने ओटीवर पडून होते. सासूबाई बाजाराला, हरेश शिफ्टला. मी कात्री घेतली आणि चिंधी कापली. पानासकट लेप निघाला, लेपासकट ती काळी कातडी निघाली, आणि आत वळवळ होती. पांढऱ्या अळ्या. घोट्यापर्यंत पू. मी मोरीत जाऊन भडाभडा ओकले. मग चूळ भरून परत आले, कारण दुसरं कोणी येणार नव्हतं.

अलिबागला नेलं. गुडघ्याखालून पाय कापावा लागला. डॉक्टर हरेशला म्हणाले, दोनेक आठवडे आधी आणलं असतं तर एखाद्या बोटावर भागलं असतं.

घरी आल्यावर बघायला माणसं येऊ लागली. एक दिवस पुंडलिक आला, केळी घेऊन. कापलेल्या पायासमोर खुर्ची ओढून बसला. लाज म्हणून नाही.

"मुदतीआधी पट्टी खोलली ना, तिथं घात झाला," तो म्हणाला. "हवा लागली. नायतर जखम भरलेलीच होती. सगळ्यांनी बघितलं, खाऱ्या पाण्यात झोंबली नाय."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी सासऱ्यांकडे बघत होते. वाटलं, माझ्यामुळे जीव वाचला ते हे तरी बोलतील.

"व्हय," सासरे म्हणाले. "हिनंच खोलली."

अळ्या बघितल्या तेव्हाही इतकी किळस आली नव्हती. पुंडलिकने पिशवीतून लेपाचा डबा काढून सासूबाईंच्या हातात दिला. दुसऱ्या पायाला आतापासूनच सुरू करा, म्हणाला. मी उठले, सगळ्यांदेखत त्यांच्या हातातून डबा घेतला, संडासात ओतला आणि वरून बादलीभर पाणी टाकलं.

"उठा," परत येऊन मी पुंडलिकला म्हटलं. "केळी पण घेऊन जा."

त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मला किळस येते, अजून येते, या पायाची आणि या घराचीही. तरी रोज सकाळी मी सासऱ्यांचा उरलेला पाय मांडीवर घेते. ते तोंड फिरवून शिव्या घालतात. मी करंगळीपासून सुरुवात करते आणि एकेक बोट फाकवून आत बघते.