ठमीवरचा आळ

विज्ञानापासून आता मानवी देहाचा एकही कोपरा लपून राहिलेला नाही. भिसेगावच्या सुप्रियाचा घसा तेवढा बराच वेळ लपून राहिला, कारण ती तोंडच उघडेना.

शेवटी दवाखान्यात टॉन्सिल काढावे लागले. लहान मुलांचे काढलेले टॉन्सिल त्या दवाखान्यात परजीवींसाठी तपासत असत. चार-पाच दिवसांनी तिच्या बापाला, टेंपोवाल्या रोहिदासला, फोन आला. "टॉन्सिलमध्ये परजीवी सापडलाय. घाबरू नका, बहुतेकांना काही होत नाही. घरात मांजर आहे का? त्याच्या विष्ठेतून येतो कधीकधी."

यातलं रोहिदासला मांजर तेवढं ऐकू आलं.

मांजर होतं. ठमी. सुप्रियाच्या आईनं, पौर्णिमानं, पाळलेली. पौर्णिमा मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. कसला ताप, कुणाला सांगता आलं नाही. आता रोहिदासला आरोपी सापडला. त्यानं ठमीला पोत्यात घातलं. सुप्रियाला अजून बोलायची मनाई होती. तिनं ताटलीवर चमचा बडवला, बापाचा शर्ट ओढला.

"तुज्याच भल्याचं हाय गं!"

रसायनीला कारखान्यात माल टाकायला गेला, तिथंच ठमीला सोडून आला.

घसा दाखवायला गेल्यावर त्यानं डॉक्टरीणबाईंना ऐटीत सांगितलं, "मांजराचा बंदोबस्त केला."

"अहो, कशाला? त्याची घाण साफ करायची, हात धुवायचे, झालं. आणि मांजरच कशावरून? कच्चं राहिलेलं मांससुद्धा असेल."

रोहिदासची ऐट उतरली. थंडीत त्यानं पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, भोवती जाळ. दरवर्षी पौर्णिमा मडक्यावर पाणी शिंपडायची. थेंब चर्रकन उडाला की मगच मडकं उतरायचं. यंदा रोहिदासनं घाई केली. कोंबडी आत गुलाबीच होती. "खा गं, अशीच ग्वाड लागती," तोच म्हणाला होता.

"मंग हिच्या आईचा ताप पन मांजराचा नव्हता…?"

"ते आता कळायचं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "सुप्रिया, तू आता बोललीस तरी चालेल हं."

सुप्रिया बोलली नाही.

तिथून दोघं थेट रसायनीला गेली. कारखान्याच्या भिंतीलगत रोहिदास उन्हातान्हात ओरडत फिरला, "ठमेऽऽ! ये गं बाये, चुकलं माजं!" ट्रकवाले बघत राहिले. त्याचा आवाज बसला, डोळे वाहायला लागले, तरी तो थांबेना.

सुप्रियानं त्याची बाही ओढली.

"पप्पा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तू हाका नको मारू. तुला भिते ती. जरा टेंपोत जाऊन बस."