मानाचा बोल्ट

सायकल दुरुस्तीत माझा हात धरणारा इंदापुरात कुणी न्हाय, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. पण निरवांगीची प्रगती तिची ट्रायल सायकल घेऊन आली तवा मी आधी विचारलं, सीट कुठं पाडलीस? सायकलला सीटच न्हाय! ही पोरगी उभ्यानं दगडावरनं दगडावर उड्या मारते. त्यानं डाव्या क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, चीर गेलेली. बारामतीच्या स्पर्धेतनं एकीलाच राज्याच्या संघात घेणार होते, आन् तिची दोन वर्षं त्यापायी गेली होती.

दुकानातला दांडा दाखवला, तर तिनं हसून परत केला. ॲक्सलला, म्हणजे दांडा बसतो त्या मधल्या आसाला, दहा खाचा, म्हणून दांड्याला बी दहाच पाहिजेत. लांबी जुन्याइतकीच. हलका पाहिजे, पण लेचापेचा नको. तीन आठवडे आमी फोनवर फोटो बघत होतो. सोयरीक जुळवताना एवढं बघत न्हाईत. शेवटी नवी जोडी आली, ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी बसवली. दांडा ॲक्सलवर धरणारा बोल्ट आवळायला तिनं खास पाना आणलेला. पुरेसं झालं की टक् वाजतो. तसा तो वाजला.

"आता ह्याला हात लावायचा न्हाय, काका," ती म्हणाली.

इथवर नीट होतं. मग मला अवदसा आठवली. संयोजकांना मीच सुचवलं, की नारळ तर सगळेच फोडतात, आपण पाहुण्यांच्या हस्ते प्रगतीच्या सायकलचा बोल्ट आवळून उद्घाटन करू. माइकवर दुकानाचं नाव येईल, एवढाच माझा डाव. प्रगती सायकल माझ्यापाशी ठेवून नंबर घ्यायला रांगेत होती. तिला विचारायचं राहिलं. खरं सांगायचं तर, मी राहू दिलं.

एका पतसंस्थेचे माजी अध्यक्ष महिपतराव आबा प्रमुख पाहुणे. फोटोत उठून दिसावा म्हणून मी लांब दांड्याचा पाना त्यांच्या हातात दिला. नुसता लावा, म्हणालो. त्यांनी चांगला दाबला. आता एकाला मान दिला आन् दुसऱ्याला न्हाय, असं आपल्याकडं चालतं व्हय? मग उपाध्यक्ष, मग माजी उपाध्यक्ष, मग मंडपवाले. ज्यानं त्यानं आपापला जोर लावला. बास म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माइकवर माझं नाव आलं आन् मी हात जोडले. पहिल्या फोटोत आबांचे डोळे मिटले होते, म्हणून आबा परत आले.

बोल्ट तुटला. डोकं बाहेर, बाकीचा तुकडा ॲक्सलमध्ये. ड्रिल करून काढायचा तर अर्धा दिवस पाहिजे. प्रगती धावत आली. सगळे आबांकडं बघाय लागले आन् आबा माझ्याकडं.

"बोल्टच कच्चा निघाला, आबा. चूक माझी," मी म्हणालो.

आबा मोठ्या मनानं हसले. चुकतो माणूस, म्हणाले, आन् आपल्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. प्रगतीचं नाव दोनदा पुकारलं, मग गैरहजर धरून पुढचं घेतलं. ती तिथंच उभी होती.

मला तिच्याकडं बघवेना. लई लाज वाटली. पुढच्या वर्षी बघू, असं कायतरी पुटपुटलो.

"काका," ती म्हणाली, "लोकांना वाटतंय, 'चूक माझी' हे तुमी आबांसाठी खोटं बोललात. तुमी खरंच बोललात."

तिनं सायकल खांद्यावर घेतली आन् फाटकाकडं चालू लागली. फोटोवाला म्हणाला, हार जरा सरळ करा. मी केला.