दारफाळणीच्या दिवशी आलेला फोन

सत्यवतीच्या नाकाला हैदराबादच्या अख्ख्या चिक्कडपल्लीत तोड नव्हती. कुणाकडे काय शिजतंय, कुणाचा जावई रुसलाय, सगळं तिला वासावर कळायचं. पण समोरच्या नवगावकरांच्या देवानं तिला पुरतं हैराण केलं होतं. घरात ना मूर्ती, ना तसबीर. चौकटीला एक छोटी तिरपी डबी ठोकलेली, घरातली माणसं येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना टेकवायची. बोलणं आपल्यासारखंच मराठी, आणि धर्म ज्यू!

त्यात रूबेन नवगावकर कामाला होता तो रेडिओचा कारखाना बंद पडला. बाजार खुला झाला, बाहेरचा झगमगीत माल आला आणि इथल्या फाटकाला टाळं लागलं. तेव्हापासून रूबेन नोकरीसाठी सिकंदराबादेत उंबरे झिजवत होता. सत्यवतीकडे नुकताच फोन आला होता, म्हणून तो सगळीकडे तिचाच नंबर द्यायचा.

त्याची बायको हन्नाबाई मात्र निवांत. "देव बघतोय," एवढंच म्हणायची.

"कुठून बघतो पण?" सत्यवतीनं एकदा विचारलंच. हन्नाबाईनं हसून चौकटीवरच्या डबीला बोटं लावली.

मग एका संध्याकाळी ती सांगायला आली. "उद्या आमची दारफाळणी, वहिनी. कडक उपास. दार लावून दिवसभर फक्त देवाशी बोलायचं. चांदण्या दिसेपर्यंत काही झालं तरी हाक मारू नका."

"हौ, नाही मारत. शब्द दिला."

आणि नेमका दुसऱ्या दिवशी दुपारी फोन खणखणला. पंपाच्या कंपनीतला साहेब होता. "रूबेनसाब कू बोलो, आज शाम तक आके मिलना. नै तो दूसरे कू रख लेते."

सत्यवती धावत समोरच्या दाराशी गेली. हात उचलला, तो तसाच राहिला. आतून प्रार्थनेचं पुटपुटणं येत होतं. आता याला काय म्हणावं? ज्या देवानं यांना दार लावून बसवलं, त्यानंच आज माझा फोन वाजवला? परीक्षा त्यांची, की माझी? ती परत फिरली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा फिरली. शेवटी तिनंच साहेबाला फोन लावला.

"आज त्यांचा मोठा सण आहे जी. कल सुबह आते."

"देखते," म्हणून त्यानं फोन आपटला.

सत्यवती खिडकीशी बसून चांदण्यांची वाट बघू लागली. एका शब्दापायी आपण शेजाऱ्याच्या पोटावर पाय दिला, या विचारानं ती रडकुंडीला आली.

चांदण्या दिसल्या, दार उघडलं. पांढऱ्या कपड्यांतल्या रूबेनला तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि पदर डोळ्यांना लावला.

रूबेन उंबऱ्यावर बसला. "वहिनी, फोनची घंटी मी ऐकली होती. तुमची पावलंही. दुसऱ्यांदा आलात तेव्हा माझा हात कडीवर होता."

"मग?"

"एक हाक मारली असतीत, तर उघडलं असतं. तोंडात देवाचं नाव, अन् सगळे कान तुमच्या फोनकडे. आज माझा भरवसा मी नाही सांभाळला, वहिनी. तुम्ही सांभाळलात."

हन्नाबाईनं मनुकांच्या सरबताचा पहिला पेला सत्यवतीच्या हातात दिला. आत खुंटीवर रूबेनचा इस्त्रीचा शर्ट लटकत होता.

"हा कधी केलात?" सत्यवतीनं डोळे पुसत विचारलं.

"काल, सणाचा दिवा लावायच्या आधी," हन्नाबाई म्हणाली. "म्हटलं, बोलावणं येईल तेव्हा लागेलच की."