चार नारिंगी ठिपके

कायसाने ब्रश पाण्यात बुचकळला आणि पोस्टरवरच्या तिसऱ्या रविवारावरही नारिंगी ठिपका ठेवला. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: बाबा, फोन, चाळीस मिनिटं.

असा फोन झालाच नव्हता.

महिनाभर रोज काय पाहिलं, काय ऐकलं, कोणाशी बोललो याची नोंद ठेवायची आणि तिचं पोस्टर करायचं, असं डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाचं काम होतं. पुढच्या वर्षात घेणार की नाही ते त्यावर ठरणार होतं. कायसाची नोंदवही तिसऱ्या दिवशीच बंद पडली. रोज संध्याकाळी ती दमून पलंगावर पडायची आणि अंगठ्याने व्हिडिओ सरकवत राहायची. एकही लक्षात राहायचा नाही. त्यामुळे आता सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. व्हिडिओंना तिने करडा रंग दिला, तर कागद बुरशी आलेल्या पावासारखा दिसू लागला. कुठेतरी ऊब हवी होती.

रविवारी बाबांचा फोन यायचा, एवढं मात्र खरं होतं. ती तो वाजू द्यायची आणि ‘उद्या करते’ असं लिहून पाठवायची. चौथा ठिपका ठेवताना तिला स्वतःची लाज वाटली, पण तो तिथे शोभून दिसत होता.

शुक्रवारी प्रदर्शनाला घरच्यांनाही बोलावलं होतं. बाबा येतील असं कायसाला वाटलं नव्हतं. पण कागद गिरणीतली रात्रपाळी संपवून ते तसेच डलूथला तिच्या कॉलेजात आले, काखेत वेलदोड्याचा पाव घेऊन. तिच्या शिक्षिका होल्गरसन मॅडमनी सकाळीच दोन पोस्टरं परत पाठवली होती. आकडे मनचे भरले होते म्हणून.

"म्हणजे हा नारिंगी तुम्ही!" मॅडम बाबांना म्हणाल्या. "अख्खं पोस्टर तुमच्या चार ठिपक्यांवर उभं आहे बघा."

बाबांनी चष्मा लावला. वाकून पहिल्या ठिपक्याशेजारचं वाचलं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या.

"चाळीस मिनिटं!" मॅडम म्हणाल्या. "आमची कार्टी चार वाक्यं बोलत नाहीत. काय बोलता हो एवढं?"

बाबांनी चष्मा काढून जाकिटाला पुसला.

"मीच बडबडतो. तळ्यावर बर्फ किती इंच झाला, शेजारच्या कुत्र्यानं काय खाल्लं. ही बिचारी ऐकून घेते."

"नशीबवान आहात," मॅडम म्हणाल्या आणि हातातल्या यादीत कायसाच्या नावापुढे खूण केली.

बाहेर वाहनतळावर वारा झोंबत होता. बाबांनी पाव तिच्या हातात दिला.

"बाबा, ते मी..."

"आजच खा. उद्या कडक होतो."

ते गाडीत बसले. रात्रभराच्या पाळीने त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी काच खाली केली.

"चाळीस कशाला लिहिलीस गं? दहासुद्धा पुष्कळ होती."

कायसाच्या खिशात फोन दोनदा थरथरला. ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडून त्यांच्या शेजारी बसली आणि पाव मांडीवर ठेवला.

"काय खाल्लं मग कुत्र्यानं?" तिने विचारलं.