घुमटाखालची तीन मिनिटं

आमच्या गावाची वस्ती जेमतेम चार हजार, पण सिटी हॉल राजधानीला शोभेल असा. १९११ साली आमच्या आजोबा-पणजोबांना वाटत होतं, आता रेल्वे येणार आणि शिकागो आपल्यापुढे फिकं पडणार. रेल्वे आली, पण न थांबता निघून गेली. मागे राहिले ग्रॅनाइटचे आठ खांब, संगमरवरी जिना आणि सभागृहावरचा रंगीत काचांचा घुमट. तोही चौऱ्याहत्तर साली हीटिंगचा खर्च वाचवायला फॉल्स सीलिंग ठोकून झाकून टाकला.

ठोकणारा एल्डन क्रुगर, पालिकेचा सुतार. त्याचं आणि विल्माचं लग्न त्याच घुमटाखाली लागलं होतं. ती त्याला जन्मभर टोचत राहिली, "झाकलंस तू, तर उघडायचंही तूच." ती गेली, आणि एल्डन दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कौन्सिलच्या सभेला येऊ लागला. सभेत कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं, आणि कितीही कंटाळा आला तरी सदस्यांना ते ऐकून घ्यावं लागतं. मी तिथली क्लार्क. घड्याळ लावणं माझं काम.

सहा वर्षं! मला अक्षरशः वीट आला होता. तोच इस्त्रीचा शर्ट, तेच भाषण.

"नॉरीन, सुरू केलंस का गं घड्याळ?"

"केव्हाच. दहा सेकंद माझ्याशी बोलण्यातच घालवलीत."

लोक हसायचे. मग तो घुमट उघडा म्हणून सांगायचा, नगराध्यक्ष "आभारी आहोत, मिस्टर क्रुगर" म्हणायचे, आणि पुढचा विषय कचऱ्याच्या गाड्यांचा.

यंदा वरून पाणी गळलं आणि फॉल्स सीलिंग कुजलं. ते काढावंच लागणार होतं, तेव्हा नवं न बसवता घुमट मोकळाच ठेवायचं एकमताने ठरलं. पहिला तुकडा काढायचा मान एल्डनचा. शिडीवर त्याला दोघांनी धरलं होतं.

काचा धुऊन झाल्यावर एका भर दुपारी सभागृह लोकांना उघडलं. खुर्च्यांवर, फरशीवर, नगराध्यक्षांच्या टकलावर हिरवा-पिवळा उजेड पडला होता. सगळे माना वर करून बघत होते. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी या खोलीत बसले आणि डोक्यावर हे होतं!

एल्डन मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"जिंकलात की हो! वर बघा तरी."

"बघितलं. विल्माला आवडलं असतं." मग हळूच म्हणाला, "नॉरीन, पुढच्या सभेत मी काय बोलू गं?"

"आता कशाला बोलायला हवं? घरी आराम करा," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

"घरी कुणाशी बोलू?"